टापेखालची भूमी : घोडदौडीच्या निकालांचा एक उपेक्षित साक्षीदार

१८५३ साली निजाम सरकार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो तह झाला, त्यात वऱ्हाड आणि रायचूर दुआब यांच्या जोडीला धाराशिव प्रांताचे नाव येते. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेचा खर्च निजामाकडून थकला होता. त्याच्या वसुलीसाठी हे मुलूख कंपनीच्या कारभाराखाली देण्यात आले. १८६० साली धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाकडे परत गेले, वऱ्हाड मात्र गेले नाही. राजकीय इतिहासात या तहाची चर्चा कर्ज, सार्वभौमत्व आणि कंपनीचा लोभ या तीन अंगांनी झाली आहे. परंतु त्या फौजेत घोडदळाचा वाटा मोठा होता आणि म्हणून नळदुर्ग-तुळजापूरच्या रानातला महसूल सात वर्षे काही अंशी घोड्यांच्या चंदीवर खर्च होत होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हैदराबाद संस्थानचा हा कोपरा घोड्याशी अशा रीतीने कागदोपत्री बांधला गेला होता.

कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. ही पद्धत मराठी वाचकास नवी नाही. बारगीर स्वार होतो तो सरकारच्या किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असतो. बारगिराचा घोडा पडला तर पागेचे नुकसान होते, शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची भाकरी जाते. यामुळे घोडा कोणत्या भूमीवर घालावा आणि कोणत्या भूमीवर घालू नये, याचे ज्ञान हा शिलेदाराच्या दृष्टीने केवळ अश्वविद्येचा भाग नव्हता. तो त्याच्या प्रपंचाचा भाग होता. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

धाराशिव जिल्ह्याची भूमी या ज्ञानाची कसोटी पाहणारी आहे. बालाघाटाचे पठार, त्यावर माथ्याशी मुरमाड आणि उथळ बरड, उतरणीला मध्यम जमीन आणि तेरणा, मांजरा, सीना यांच्या खोऱ्यांत खोल काळी, अशी तिची साधारण रचना आहे. ही काळी उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगेत घोड्याचा पाय गेला तर मोडतो. पावसाळ्यात ती चिखल होऊन खुराला धरते. घोड्यास ती निर्धास्तपणे साथ देते ते पावसाळा सरल्यापासून उन्हाचा कडाका वाढेपर्यंतच्या मधल्या महिन्यांत. दसऱ्याचे सीमोल्लंघन हा केवळ धार्मिक संकेत नव्हता, त्यामागे ओल आणि चारा यांचा हिशेब होता, हे इतिहासकारांनी अनेकदा सांगितले आहे. उदगीरची लढाई फेब्रुवारी १७६० मध्ये झाली. परंड्याच्या शेजारच्या खर्ड्याची लढाई मार्च १७९५ मध्ये झाली. या दोन्ही तारखा योगायोगाने कोरड्या महिन्यांत पडलेल्या नाहीत.

येथे भाषेच्या अंगाने एक गोष्ट नोंदविणे अस्थानी होणार नाही. घोड्यांच्या शर्यतींचा धंदा मुंबई-पुण्यात इंग्रजांबरोबर आला आणि त्याची परिभाषाही तशीच आली : रेस, जॉकी, डर्बी, हॅंडिकॅप. धावपट्टीच्या त्या दिवशीच्या ओलीची किंवा टणकपणाची जी स्थिती असते, तिला इंग्रजीत स्वतंत्र संज्ञा आहे. शर्यतींच्या मराठीत ती संज्ञा रुजली नाही. वास्तविक या कल्पनेला अत्यंत जवळचा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो म्हणजे ‘वाफसा’. जमीन ओली आहे पण चिकटत नाही, भुसभुशीत आहे पण उडत नाही, औत चालेल अशी आहे, ही सारी स्थिती हा एक शब्द सांगतो. शर्यतीच्या मराठीने तो घेतला नाही, कारण शर्यतीचे मराठी शहरात घडले. परिणाम असा झाला की मराठीत शर्यतींविषयी जे लिहिले गेले त्यात घोडा, मालक, स्वार, भाव आणि बक्षीस यांची नोंद होते. भूमीची नोंद क्वचितच होते.

हा दोष केवळ मराठी लेखनाचा नाही. कोणत्याही देशातील विजेत्यांची यादी उघडली तर तीत वर्ष, घोड्याचे नाव आणि वेळ एवढे दिसते. घोडा ज्या पृष्ठावर धावला ते जणू सर्वत्र आणि सर्वकाळ एकच होते, अशा थाटात ती यादी वाचली जाते. ही समजूत किती चुकीची आहे हे २००६ ते २०१५ या दहा वर्षांत, कृत्रिम धावपट्ट्यांच्या निमित्ताने, जगाला फार मोठ्या खर्चाने कळले.

आपल्याकडील स्थिती प्रथम पाहिली पाहिजे. धाराशिव ज्या संस्थानात होते त्याच्या राजधानीतील शर्यती निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, १८८६ साली, मलकपेटच्या मैदानावर आल्या. मुंबईत महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासून वापरात आले. मूळची दलदलीची जमीन भरून ते तयार झाले. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी तेथेच झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने ती जिंकली. ही २४०० मीटरची शर्यत आजही महालक्ष्मीच्या हिरवळीवरच धावली जाते. भारतातील सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींचा निवाडा कृत्रिम पट्टीवर होत नाही. येथील निकालांवर भूमीचा जो परिणाम होतो तो हिरवळीखालील ओलीचा होय आणि त्याचे कारण पाऊस आहे. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यात, ही वाटणीच मुळी पावसाने केलेली आहे. मुंबईच्या धुवाधार पावसात अशक्य असलेली शर्यत पुण्याच्या बेताच्या पावसात शक्य होते. हिरवळीत ठरावीक वजन आदळून सळई किती रुतते हे मोजणारे पेनेट्रोमीटर नावाचे साधे यंत्र येथे वापरतात आणि त्याचा आकडा शर्यतीपूर्वी जाहीर होतो. तो आकडा म्हणजे वाफशाचे माप होय! जुलैतल्या रुतणाऱ्या हिरवळीवर जिंकणारा घोडा आणि जानेवारीतल्या टणक हिरवळीवर जिंकणारा घोडा हे नेहमी एकच नसतात, हे जाणकारांस ठाऊक असते. यादीला मात्र ठाऊक नसते.

अमेरिकेत मोठ्या शर्यती मातीवर होतात, युरोपात हिरवळीवर. या दोन परंपरांनी दोन प्रकारचे घोडे घडविले. मातीवर पुढचा पाय टेकताना किंचित पुढे घसरतो, मागच्या घोड्यांच्या तोंडावर मातीचा मारा होतो आणि म्हणून सुरुवातीपासून पुढे राहणाऱ्या घोड्यास मोठा लाभ मिळतो. हिरवळीवर खूर धरला जातो, प्रारंभीची गती संथ असते आणि निवाडा अखेरच्या दोन-तीन फर्लांगांत होतो. पैदासही याच रीतीने विभागली गेली. अमुक वंश मातीचा, अमुक हिरवळीचा, असे लोक बोलू लागले.

कृत्रिम धावपट्टी ही या दोहोंहून वेगळी वस्तू आहे. वाळूच्या कणांवर मेणाचा लेप देतात, तीत कृत्रिम धाग्यांचे आणि क्वचित रबराचे तुकडे मिसळतात आणि खाली पाणी सरळ जिरून जाईल अशी निचऱ्याची रचना करतात. अमेरिकेत १९८८ साली रेमिंग्टन पार्क येथे आणि इंग्लंडमध्ये १९८९ साली लिंगफील्ड येथे अशा पट्टीवर शर्यती सुरू झाल्या. इंग्लंडमध्ये हेतू साधा होता : हिवाळ्यात हिरवळ गोठते, तेव्हा शर्यती बंद पडू नयेत. तेथे ही पट्टी कनिष्ठ शर्यतींपुरती राहिली आणि तिच्याविषयी फारसा वाद झाला नाही. २००१ साली लिंगफील्डला ‘पॉलिट्रॅक’ हा सुधारलेला प्रकार आला. पुढे मायकेल डिकिन्सन या प्रशिक्षकाने ‘टॅपेटा’ नावाचा दुसरा प्रकार प्रचारात आणला. टॅपेटा हा शब्द लॅटिनमधील गालिच्यासाठी असलेल्या शब्दावरून घेतलेला आहे. भूमीला गालिचा म्हणावयाचे ही कल्पनाच बोलकी आहे. गालिचा अंथरला की खालची जमीन कोणती, हा प्रश्न उरू नये, अशी ती अपेक्षा होती.

अमेरिकेत हेतू निराळा होता. तेथे घोडे मरत होते. २००६ च्या मे महिन्यात केंटकी डर्बीचा विजेता ‘बार्बारो’ याचा पाय प्रीकनेस शर्यतीत मोडला आणि अनेक महिन्यांच्या उपचारांनंतर जानेवारी २००७ मध्ये त्याला मरण द्यावे लागले. २००८ च्या केंटकी डर्बीत दुसरी आलेली ‘एट बेल्स’ ही घोडी शर्यत संपल्याबरोबर दोन्ही पुढचे पाय मोडून कोसळली आणि तिला मैदानावरच मारावे लागले. कॅलिफोर्नियाच्या शर्यत मंडळाने २००६ सालीच असे ठरविले होते की, राज्यातील मोठ्या मैदानांनी २००७ च्या अखेरीपर्यंत मातीऐवजी कृत्रिम पट्टी घालावी. हॉलिवुड पार्क, डेल मार, गोल्डन गेट फील्ड्स आणि सांता अनिता येथे ती घालण्यात आली. केंटकीत कीनलंडने २००६ मध्ये आणि दुबईत मेदान या नव्या मैदानाने २०१० मध्ये तीच वाट धरली. अशा रीतीने कनिष्ठ शर्यतींसाठी जन्मलेली वस्तू सर्वोच्च शर्यतींखाली अंथरली गेली.

निकाल तत्काळ बदलले. कीनलंडची मातीची पट्टी कठड्याला लगटून पुढे पळणाऱ्या घोड्यांना धार्जिणी म्हणून प्रसिद्ध होती. एप्रिल २००७ मधील ब्लू ग्रास स्टेक्स ही शर्यत पॉलिट्रॅकवर झाली. तीत आरंभीची चाल अगदी संथ राहिली, अखेरीस पुढचे घोडे एका झुंबडीत आले आणि ‘डॉमिनिकन’ने ‘स्ट्रीट सेन्स’ला नाकाच्या फरकाने हरविले. तीन आठवड्यांनी चर्चिल डाउन्सच्या मातीवर स्ट्रीट सेन्सने केंटकी डर्बी जिंकली आणि डॉमिनिकन फार मागे राहिला. तेच दोन घोडे, तोच ऋतू, निकाल मात्र उलटा.

याहून गाजलेली घटना ऑक्टोबर २००८ ची आहे. ब्रीडर्स कप ही अमेरिकेची वर्षअखेरची सर्वोच्च स्पर्धा त्या वर्षी सांता अनिताच्या ‘प्रो-राइड’ नावाच्या कृत्रिम पट्टीवर झाली. ‘कर्लिन’ हा अमेरिकेचा अग्रगण्य घोडा होता. त्याने २००७ ची ब्रीडर्स कप क्लासिक चिखलावर जिंकली होती आणि मार्च २००८ मध्ये दुबईचा विश्वचषक मातीवर जिंकला होता. सांता अनिताला तो चौथा आला. पहिला आला तो ‘रेव्हन्स पास’ आणि दुसरा ‘हेन्रीदनॅव्हिगेटर’. दोघेही युरोपच्या हिरवळीवर वाढलेले. एकाच शर्यतीवरून सिद्धान्त बांधणे धोक्याचे असते. कर्लिन थकला होता, असेही म्हणता येईल. परंतु पुढच्याच वर्षी त्याच पट्टीवरील त्याच शर्यतीत दुसरा आलेला ‘जिओ पॉन्टी’ हाही हिरवळीचाच विजेता होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही केवळ एका घोड्याच्या थकव्याची गोष्ट नव्हती असे दिसते.

त्या २००९ च्या शर्यतीत पहिली आली ती ‘झेन्याटा’. या घोडीचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वापरले गेले आहे. आयुष्यात ती २० शर्यती धावली व १९ जिंकली. त्यांपैकी १७ शर्यती कृत्रिम पट्टीवरील होत्या आणि त्या सर्व तिने जिंकल्या. तिची धावण्याची रीत अगदी मागे राहून अखेरीस सर्वांना ओलांडण्याची होती. म्हणजे कृत्रिम पट्टीला जे गुण मानवतात नेमके ते तिच्यात होते. नोव्हेंबर २०१० मध्ये चर्चिल डाउन्सच्या मातीवर ‘ब्लेम’ या घोड्याने तिला डोक्याच्या फरकाने हरविले. तो तिचा एकमेव पराभव होय. यावरून तिची कीर्ती पट्टीने घडविली असे म्हणणारे निघाले. तथापि आर्कान्सामध्ये, ओकलॉनच्या मातीवर, तिने २००८ आणि २०१० अशी दोनदा ॲपल ब्लॉसम ही शर्यत जिंकलेली होती आणि ब्लेमविरुद्धही ती बरीच मागून येऊन डोक्याइतक्या अंतराने हरली, ही वस्तुस्थिती ते विसरतात. भूमी निकालात सहभागी असते, पण ती एकटी निकाल लावीत नाही. ‘अॅनिमल किंग्डम’ हा घोडा हेच सांगतो. २०११ च्या केंटकी डर्बीपूर्वी तो मातीवर एकही शर्यत धावलेला नव्हता. कृत्रिम पट्टी आणि हिरवळ एवढेच त्याला ठाऊक होते. त्याने डर्बी मातीवर जिंकली आणि २०१३ चा दुबई विश्वचषक टॅपेटावर जिंकला.

दुबईची यादी तर एखाद्या प्रयोगासारखी वाचता येते. १९९६ साली सुरू झालेला हा विश्वचषक २००९ पर्यंत नाद अल शेबाच्या मातीवर झाला. ‘सिगार’, ‘सिल्व्हर चार्म’, ‘प्लेझंटली परफेक्ट’, ‘कर्लिन’, ‘वेल आर्म्ड’ ही अमेरिकन घोड्यांची मालिका त्या काळातली. २०१० ते २०१४ या पाच वर्षांत तो मेदानच्या टॅपेटावर झाला आणि या पाचांत अमेरिकेचा विजेता एकच, वर उल्लेखिलेला अॅनिमल किंग्डम. २०११ मध्ये जपानचा ‘व्हिक्त्वार पिसा’ पहिला आणि जपानचाच ‘ट्रान्सेंड’ दुसरा आला. ११ मार्चच्या भूकंपाला व त्सुनामीला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या विजयाचे मोल जपानी मनाला काय वाटले असेल हे सास्तूर-किल्लारीचा १९९३ चा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यातील वाचकास समजावून सांगावे लागत नाही. २०१५ मध्ये मेदानने पुन्हा माती घातली. २०१६ चा विजेता ‘कॅलिफोर्निया क्रोम’, २०१७ चा ‘ॲरोगेट’, दोघेही अमेरिकेचे.

आता मूळ हेतूकडे वळले पाहिजे. घोडे वाचले काय? अमेरिकेच्या जॉकी क्लबने २००९ पासून मैदानावरील प्राणघातक दुखापतींची जी नोंद ठेवली, तीत पहिल्या पाच वर्षांत दर हजार धावांमागे मातीवर सुमारे २, हिरवळीवर सुमारे १.६ आणि कृत्रिम पट्टीवर सुमारे १.२ असे प्रमाण दिसते. या आकड्यांतही मैदानामैदानांचे आणि घोड्यांच्या दर्जाचे भेद मिसळलेले आहेत. मागच्या पायांच्या स्नायूंना होणाऱ्या इजा वाढल्या, अशी प्रशिक्षकांची तक्रारही होती. तरीही फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही. आणि असे असताना सांता अनिताने २०१० मध्ये, कीनलंडने २०१४ मध्ये, डेल मारने २०१५ मध्ये पुन्हा माती घातली. हॉलिवुड पार्क २०१३ मध्ये बंदच झाले.

याची कारणे काही अंशी यांत्रिक होती. सांता अनिताच्या पहिल्या कृत्रिम पट्टीचा निचरा बिघडला आणि २००८ च्या आरंभी पावसामुळे शर्यतींचे दिवस बुडाले. म्हणजे जी पट्टी सर्व ऋतूंत चालावी म्हणून घातली तीच पावसाने बंद पाडली. मेण उन्हाने मऊ होते, थंडीने आवळते. सकाळची पट्टी दुपारी तीच राहत नाही. गालिच्यालाही वाफसा असतो, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु यांत्रिक दोष दुरुस्त करता येतात. खरे कारण पैदाशीच्या बाजारात शोधावे लागते. सर्वोच्च शर्यतीतील विजेत्या घोड्याची किंमत बक्षिसात नसते, त्याच्या भावी संततीत असते. आणि ती किंमत त्याचा विजय पूर्वीच्या विजयांशी तुलनीय आहे या विश्वासावर उभी असते. मातीवर शतकभर जमलेल्या निकालांशी कृत्रिम पट्टीचा निकाल जुळेना. कर्लिनच्या मालकाने, जे पुढे ‘रेचेल अलेक्झांड्रा’ या घोडीचेही मालक झाले, २००९ च्या ब्रीडर्स कपला ती घोडी नेण्याचे नाकारले ते पट्टीमुळेच. रेचेल अलेक्झांड्रा त्या वर्षीची सर्वश्रेष्ठ ठरली आणि त्याच वर्षी क्लासिक जिंकणारी झेन्याटा दुसऱ्या क्रमांकावर राहिली. दोघींची गाठ कधीच पडली नाही.

शिलेदाराचा मुद्दा येथे लागू पडतो. शिलेदाराच्या दृष्टीने जिवंत आणि धडधाकट घोडा हीच मालमत्ता होती, म्हणून त्याने भूमी पाहून घोडा घातला. सर्वोच्च शर्यतीच्या मालकाची मालमत्ता घोड्याच्या नावात आणि वंशात असते. म्हणून त्याने नाव टिकेल अशी भूमी मागितली, पाय टिकेल अशी नव्हे. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी चोख आहे. मात्र दुसऱ्या हिशेबात घोड्याच्या पायाचा रकाना नाही.

२०१९ च्या आरंभी सांता अनिताच्या मातीवर एकामागून एक घोडे दगावू लागले आणि मार्चमध्ये शर्यती काही काळ थांबवाव्या लागल्या, तेव्हा टाकून दिलेल्या पट्टीची चर्चा पुन्हा सुरू झाली. कॅलिफोर्नियात शर्यतींसाठी कृत्रिम पट्टी राखून असलेले अखेरचे मोठे मैदान, गोल्डन गेट फील्ड्स, जून २०२४ मध्ये बंद झाले. दुसरीकडे कॅनडातील वुडबाइनने २०१६ मध्ये, केंटकीतील टर्फवे पार्कने २०२० मध्ये आणि फ्लोरिडातील गल्फस्ट्रीमने २०२१ मध्ये टॅपेटा घातला. टर्फवेला डर्बीपूर्वी होणाऱ्या शर्यतीत २०२२ मध्ये तिसरा आलेला ‘रिच स्ट्राइक’ पुढे एकास ऐंशी अशा भावाने केंटकी डर्बी जिंकून गेला. २०२३ मध्ये तीच टर्फवेची शर्यत जिंकणारा ‘टू फिल्स’ डर्बीत दुसरा आला. विजेत्यांच्या यादीत या दोन्ही डर्बींपुढे घोड्याचे नाव आणि वेळ नोंदलेली आहे. ते घोडे कोणत्या पट्टीवरून तेथवर आले, ते नोंदलेले नाही.